अमेरिकेतील पक्षीय उमेदवारीची लढत, सांगलीच्या अभ्यासवर्गात

अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक आपल्या वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर येते ती बहुधा शेवटच्या तीन-चार महिन्यांत, म्हणजे दोन्ही मोठ्या पक्षांचे उमेदवार ठरून गेल्यावर. ते उमेदवार कोणी ठरवले आणि कोणत्या नियमाने ठरवले, हा त्याआधीचा वर्ष-दीड वर्षाचा भाग मराठी वाचकाच्या वाट्याला तुकड्यातुकड्यांनीच येतो. नेमका तोच भाग विषय म्हणून घेऊन सांगलीत विश्रामबाग परिसरातील एका अभ्यासिकेने मराठीतून एक अभ्यासवर्ग चालवला. दोन महिने, दर शनिवारी संध्याकाळी दोन तास, असे त्याचे स्वरूप होते. मी हा वर्ग सुरुवातीपासून शेवटपर्यंत केला आणि पुढच्या तुकडीसाठी नाव नोंदवावे की नाही, असे विचारणाऱ्यांसाठी हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो: नाव नोंदवावे. काही उणिवा आहेत आणि त्यांतील एक-दोन गंभीर आहेत; तरीही पक्षाची उमेदवारी ही गोष्ट नियमांनी कशी घडते आणि नियम बदलला की माणूस कसा बदलतो, हे इतक्या स्वच्छपणे मराठीत शिकवले जाताना मी यापूर्वी पाहिले नव्हते.

वर्ग अभ्यासिकेच्या वरच्या मजल्यावरील सभागृहात भरतो. शुल्क नऊशे रुपये आहे आणि त्यात एक छापील पुस्तिका मिळते. तुकडीत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली निम्म्याहून अधिक होती. उरलेल्यांत वकील, शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले काही जण, मिरजेहून येणारे दोन डॉक्टर आणि जत तालुक्यातून एस.टी.ने येणारे एक शेतकरी होते. शिकवणारे दोघे. एक राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आणि दुसऱ्या दिवाणी न्यायालयात वकिली करणाऱ्या बाई. सरांकडे इतिहास होता आणि बाईंकडे नियम. ही वाटणी फार उपयोगी ठरली, कारण हा विषय व्यक्तींच्या गोष्टी सांगत रंगवता येतो आणि तसाच तो बहुतेक ठिकाणी रंगवला जातो. बाई मात्र प्रत्येक गोष्टीच्या शेवटी फळ्याकडे वळत आणि त्या वर्षी प्रतिनिधी कसे निवडले गेले होते, हे लिहून दाखवत.

पहिल्या दोन शनिवारी पाया घातला गेला. आपल्याकडे अनेकांची अशी समजूत असते की प्रायमरी म्हणजे उमेदवाराला थेट मत देण्याची एक देशव्यापी फेरी. प्रत्यक्षात मतदार एका अर्थाने पक्षाच्या महाअधिवेशनाला जाणारे प्रतिनिधी ठरवत असतो, आणि हे काम पन्नास राज्ये, राजधानीचा जिल्हा आणि काही बाहेरचे प्रदेश आपापल्या तारखांना, आपापल्या पद्धतीने करतात. काही ठिकाणी मतपेटीतून होणारी प्रायमरी असते, काही ठिकाणी शेजारीपाजारी एकत्र जमून ठरवण्याची कॉकसची पद्धत असते. कुठे फक्त पक्षाकडे नोंदलेल्या मतदारालाच मत देता येते, तर कुठे कोणीही येऊन कोणत्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकतो. डेमोक्रॅटिक पक्षात पंधरा टक्क्यांची अट आहे. तिच्या खाली राहणाऱ्याला प्रतिनिधी मिळत नाहीत आणि वर असणाऱ्यांत ते मतांच्या प्रमाणात वाटले जातात. रिपब्लिकन पक्षात अनेक राज्ये पहिल्या आलेल्यालाच सगळे प्रतिनिधी देऊन टाकतात. हा एवढा फरक मनात पक्का बसला की पुढचे बरेच काही आपोआप उलगडते, आणि वर्गाने तो पक्का बसवला.

भिंतीवर लावलेल्या नकाशाचा येथे उल्लेख केला पाहिजे. अमेरिकेचा नकाशा आपण नेहमी लाल आणि निळ्या रंगांत पाहतो. या नकाशात राज्ये मतदानाच्या तारखेप्रमाणे रंगवली होती: आधी मत देणारी गडद, नंतरची फिकट. १९७२ पासून सुरुवातीला येणारे आयोवा आणि १९२० पासून पहिली प्रायमरी घेणारे न्यू हॅम्पशायर ही दोन छोटी राज्ये त्यावर सर्वांत गडद दिसत होती आणि कॅलिफोर्नियासारखे अवाढव्य राज्य त्यांच्या मागे कुठेतरी होते. आपल्या तारखेचा पहिला मान कोणी हिरावून घेऊ नये म्हणून न्यू हॅम्पशायरने थेट कायदाच करून ठेवला आहे, तर २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने साउथ कॅरोलायनाला अधिकृतपणे पहिले स्थान दिले, हे सांगून बाईंनी वेळापत्रक हाच एक राजकीय निर्णय कसा असतो ते समजावले. आधी येणाऱ्या राज्याचा निकाल पुढच्या राज्यांतील देणग्या, बातम्या आणि माघारी ठरवतो. त्यामुळे शेवटी मत देणाऱ्यांच्या हाती अनेकदा ठरून गेलेली निवड येते.

इतिहासाचा भाग सरांनी झपाट्याने घेतला आणि ते योग्यच झाले. आरंभी उमेदवार काँग्रेसमधील, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतील, पक्षसदस्यांची बैठक ठरवत असे, आणि १८२४ मध्ये त्या बैठकीने निवडलेल्या विल्यम क्रॉफर्ड यांना पक्षातील इतरांनी जुमानलेच नाही. १८३१ मध्ये बाल्टिमोर येथे अँटी-मेसॉनिक या छोट्या पक्षाने पहिले राष्ट्रीय अधिवेशन भरवले आणि मोठ्या पक्षांनी तीच रीत उचलली. शिकागोत १८६० मध्ये रिपब्लिकन अधिवेशनाच्या पहिल्या फेरीत विल्यम सीवर्ड यांना १७३ हून अधिक आणि अब्राहम लिंकन यांना १०२ मते होती. तिसऱ्या फेरीत उमेदवारी लिंकन यांना मिळाली, कारण ते बहुतेकांची पहिली पसंती नसले तरी अनेकांची दुसरी पसंती होते. न्यूयॉर्कमध्ये १९२४ साली डेमोक्रॅटिक अधिवेशनाने १०३ फेऱ्या घेतल्या, तेव्हा कुठे जॉन डेव्हिस हे नाव निघाले. त्या पक्षात उमेदवारीसाठी दोन-तृतीयांश मते लागत आणि मॅकअ‍ॅडू व स्मिथ या दोन प्रमुख दावेदारांपैकी कोणीही तिथपर्यंत पोहोचत नव्हता. ती अट १९३६ मध्ये रद्द झाली. ही उदाहरणे माहीत असलेल्यांनाही येथे काही नवे मिळते, कारण सर प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारत: नियम आजचा असता तर निकाल काय लागला असता?

माझ्या मते संपूर्ण वर्गातील सर्वांत मोलाचे व्याख्यान १९६८ वरचे होते. त्या वर्षी व्हिएतनाम युद्धाच्या प्रश्नावर युजीन मॅकार्थी यांनी आपल्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षाला, लिंडन जॉन्सन यांना, न्यू हॅम्पशायरमध्ये आव्हान दिले आणि सुमारे बेचाळीस टक्के मते मिळवली. रॉबर्ट केनेडी रिंगणात उतरले. ३१ मार्चला जॉन्सन यांनी आपण पुन्हा उमेदवारी घेणार नसल्याचे जाहीर केले. कॅलिफोर्नियाची प्रायमरी जिंकल्याच्या रात्रीच लॉस एंजेलिसमध्ये केनेडींवर गोळ्या झाडण्यात आल्या आणि ६ जून रोजी त्यांचा मृत्यू झाला. एवढे सगळे होऊनही शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली ती उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांना, ज्यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती. त्यांना साडेसतराशेहून अधिक प्रतिनिधींची मते मिळाली, मॅकार्थींना सहाशेच्या आसपास. हे शक्य झाले याचे कारण सरळ होते: बहुसंख्य प्रतिनिधी राज्यांतील पक्षनेते आणि पक्षाच्या बैठका ठरवत असत, आणि त्यांतले पुष्कळसे तर निवडणुकीच्या वर्षाआधीच ठरून गेले होते. सभागृहाबाहेर रस्त्यावर पोलीस निदर्शकांवर लाठ्या चालवत होते आणि आत मतमोजणी नियमाप्रमाणे सुरळीत चालली होती.

येथे सर थांबले नाहीत, आणि त्यासाठी मी त्यांचा आभारी आहे. बहुतेक लेखनात १९६८ ची कथा शिकागोच्या रस्त्यांवर संपते. सरांनी ती पुढच्या चार वर्षांत नेली. पक्षाने नेमलेल्या मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोगाने प्रतिनिधींची निवड खुली असावी, वेळेवर जाहीर व्हावी, आणि स्त्रिया, तरुण व कृष्णवर्णीय यांना त्यात वाजवी स्थान असावे, असे नियम घालून दिले. आयोगाने प्रायमरी घ्याच असे कोठेही म्हटले नव्हते. परंतु एवढ्या सगळ्या अटी पाळायच्या तर बैठका घेण्यापेक्षा प्रायमरी घेणे सोपे, असा हिशेब राज्याराज्यांतील पक्षनेत्यांनी केला आणि काही वर्षांतच प्रायमरी हाच राजमार्ग झाला. आयोगाचे पहिले अध्यक्ष असलेले जॉर्ज मॅकगव्हर्न १९७२ मध्ये याच नियमांखाली उमेदवार झाले आणि नोव्हेंबरमध्ये एकोणपन्नास राज्ये हरले. त्याच वर्षी शर्ली चिशोम या मोठ्या पक्षाची उमेदवारी मागणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या आणि अधिवेशनात त्यांना दीडशेच्या आसपास मते मिळाली. मतदाराला अधिकार दिला तर तो निवडून येणारा उमेदवार देतोच असे नाही, आणि जुन्या पद्धतीत चिशोम यांच्यासारख्यांना दारातही उभे करण्यात आले नसते. या दोन्ही गोष्टी सरांनी एकाच दमात मांडल्या आणि कोणत्याही एका बाजूला झुकण्याची घाई केली नाही.

आता त्या प्रयोगाविषयी, ज्यामुळे हा वर्ग व्याख्यानमालेपेक्षा वेगळा ठरतो. एका शनिवारी खुर्च्या भिंतीला लावून सभागृह मोकळे करण्यात आले आणि आयोवात डेमोक्रॅटिक पक्ष २०२० पर्यंत जसा कॉकस घेत असे तसा कॉकस घेण्यात आला. उमेदवार म्हणून माणसे न घेता जिल्ह्याचे चार प्रश्न घेतले होते: कृष्णेचा पूर, जतचे पाणी, हळद-बेदाण्याचा बाजार आणि मिरजेची तंतुवाद्ये. उपस्थित चाळीस. प्रत्येकाने आपल्या पसंतीच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे. पुराच्या कोपऱ्यात चौदा जण गेले, जतच्या बारा, बाजाराच्या नऊ आणि तंतुवाद्यांच्या पाच. पंधरा टक्के म्हणजे सहा. तंतुवाद्यांचा गट एका माणसाने अपुरा पडला. त्यानंतरची पंधरा मिनिटे पाहण्यासारखी होती. तिन्ही कोपऱ्यांतून माणसे त्या पाच जणांकडे आली आणि आपापली बाजू मांडू लागली. २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलेल्या एका बाईंनी फार कळकळीने बोलून एकाला आपल्याकडे वळवले. उरलेले चार जण, कारागिरांचा प्रश्न शेवटी बाजारपेठेचाच आहे, असे म्हणत बाजाराच्या गटात गेले. अंतिम आकडे झाले पूर पंधरा, बाजार तेरा, जत बारा. आधी तिसऱ्या क्रमांकावर असलेला गट दुसरा झाला.

मग बाईंनी आठ प्रतिनिधी वाटायला घेतले. पंधरांना बरोबर तीन, तेरांना २.६, म्हणजे पूर्णांकात तीन, बारांना २.४, म्हणजे दोन. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाला सारखेच प्रतिनिधी मिळाले आणि एका माणसाच्या फरकाने जतचा एक प्रतिनिधी गेला. सभागृहात त्या क्षणी जो गलका झाला, त्यातून प्रमाणशीर वाटप म्हणजे काय हे सर्वांना एकदम कळले. रिपब्लिकन पक्षातील काही राज्यांच्या नियमाने हेच वाटप केले असते तर आठही प्रतिनिधी पुराकडे गेले असते, हे बाईंनी शेजारच्या रकान्यात लिहून ठेवले.

अधिवेशनाचा भाग याहून रंगला. आठांत बहुमत पाचाचे. पहिल्या फेरीत कोणाकडेच पाच नाहीत. दुसऱ्या फेरीत पक्षातील ज्येष्ठांना, म्हणजे ज्यांना सुपरडेलिगेट म्हणतात त्यांना, मताचा अधिकार मिळतो. १९८४ पासून हे ज्येष्ठ पहिल्या फेरीतच मत देत आले होते. २०१६ मधील हिलरी क्लिंटन आणि बर्नी सँडर्स यांच्या उमेदवारीच्या लढतीनंतर झालेल्या वादातून २०१८ मध्ये, निकाल आधीच स्पष्ट नसेल तर त्यांनी पहिल्या फेरीत मत देऊ नये, असे ठरले. आयोजकांपैकी तिघांना ज्येष्ठ नेमले गेले. मधल्या वेळेत वाटाघाटींना मुभा होती आणि जतच्या शेतकरी काकांनी ती जी वापरली तिचे कौतुक करावे तेवढे थोडे. त्यांनी पुराच्या गटासमोर एकच मागणी ठेवली: पावसाळ्यात कृष्णेला येणारे जादा पाणी दुष्काळी तालुक्यांकडे वळवण्याचा मुद्दा तुमच्या जाहीरनाम्यात लेखी घाला, आमचे दोन्ही प्रतिनिधी तुमचे. मुद्दा लिहिला गेला, दोन्ही प्रतिनिधी आले, ज्येष्ठांपैकी दोघांनी पुराला आणि एकाने बाजाराला मत दिले, आणि निकाल सात विरुद्ध चार असा लागला. त्यानंतर बाईंनी शांतपणे दाखवून दिले की तिन्ही ज्येष्ठ बाजाराकडे गेले असते तर तेरा माणसांचा गट, पूर आणि जत मिळून सत्तावीस माणसांच्या युतीला, सहा विरुद्ध पाच असे हरवू शकला असता. त्यावर वर्ग संपल्यानंतरही कितीतरी वेळ जिन्यात वाद चालू होता. पुस्तकातून हे कितीही वाचले तरी असे उमगत नाही.

अलीकडच्या लढती शेवटच्या काही व्याख्यानांत आल्या. त्यांतील आकड्यांची निवड फार विचारपूर्वक केलेली होती. २००८ मध्ये ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांच्या लढतीत एकाच दिवशी न्यू जर्सीसारखे मोठे राज्य क्लिंटन यांनी जिंकले आणि त्यांना ५९ व ओबामांना ४८ प्रतिनिधी मिळाले. त्याच दिवशी आयडाहोच्या छोट्या कॉकसमध्ये ओबामांना १५ आणि क्लिंटन यांना ३ मिळाले. म्हणजे मोठ्या राज्यातील विजयाने ११ ची आघाडी दिली आणि छोट्या राज्यातील विजयाने १२ ची. उलट २०१६ मध्ये साउथ कॅरोलायनातील रिपब्लिकन प्रायमरीत डोनाल्ड ट्रम्प यांना साडेबत्तीस टक्क्यांच्या आसपास मते मिळाली आणि तेथील पन्नासही प्रतिनिधी मिळाले. सतरा इच्छुकांनी सुरू झालेल्या त्या लढतीत विरोधी मते विभागली जात राहिली आणि नियम पहिल्या आलेल्याला साथ देत राहिला. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवल्यावर फार काही सांगावे लागत नाही. जो बायडेन यांचे २०२० मधील पुनरागमन, म्हणजे आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आणि साउथ कॅरोलायनात मोठ्या फरकाने पहिले, हेही वेळापत्रकाच्या चर्चेला जोडूनच शिकवले गेले.

२०२४ चा प्रसंग अर्थातच सर्वांना ऐकायचा होता. प्रायमऱ्या जिंकून बहुतेक सर्व प्रतिनिधी मिळवलेल्या बायडेन यांनी २१ जुलै रोजी माघार घेतली आणि कमला हॅरिस यांना पाठिंबा दिला. मतदार पुन्हा बोलावणे शक्य नव्हते. निर्णय करण्याचा अधिकार नियमाने प्रतिनिधींकडेच होता आणि त्यांनी शिकागोचे अधिवेशन भरण्याआधी, ऑगस्टच्या आरंभी, दूरस्थ मतदानाने हॅरिस यांना उमेदवार केले. एरवी शोभेचा वाटणारा प्रतिनिधी अशा वेळी खराखुरा निर्णय घेणारा होतो, ही बाईंची मांडणी मला पटली. हॅरिस यांच्या आईचे चेन्नईचे मूळ किंवा रिपब्लिकन उमेदवारी मागणाऱ्या निकी हॅली यांचे पंजाबी आईवडील यांवर वेळ न दवडल्याबद्दलही मी दोघांना श्रेय देतो. आपल्याकडील चर्चा तेथेच अडकून पडते.

उणिवांकडे वळतो. सर्वांत मोठी उणीव पैशाच्या व्याख्यानात होती. देणग्या, कंपन्या व संघटनांच्या निवडणूक-खर्चावरील बंधने उठवणारा २०१० मधील अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा सिटिझन्स युनायटेड निकाल, त्यानंतर उभे राहिलेले सुपर पॅक, म्हणजे अमर्याद पैसा उभा करणारे स्वतंत्र प्रचारगट, हे सगळे एका संध्याकाळी उरकले गेले आणि प्रश्नांना जागाच राहिली नाही. हा विषय असा नाही की उरकावा. अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०२० मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी शंभर कोटी डॉलरपेक्षा अधिक खर्च करूनही फक्त अमेरिकन समोआ हा छोटा बेटांचा प्रदेश जिंकला, हे एक उदाहरण घेऊन पैसा कोठे चालतो आणि कोठे चालत नाही यावर तासभर बोलता आले असते. सांगलीच्या श्रोत्यांना, ज्यांनी कारखान्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत प्रत्येक निवडणुकीतला खर्च डोळ्यांनी पाहिला आहे, हा भाग सर्वांत जवळचा वाटला असता.

पुस्तिकेची भाषा चांगली आहे. छपाई चांगली नाही. तक्त्यांतील आकडे इतके बारीक आहेत की चष्मा असलेल्यांनाही ते वाचताना त्रास होतो, आणि भिंतीवरचा तो उत्तम नकाशा पुस्तिकेत करड्या डागासारखा उमटला आहे. सभागृहात मागच्या दोन रांगांना रस्त्यावरील वाहनांच्या आवाजामुळे नीट ऐकू येत नव्हते. ध्वनिक्षेपक मागितल्यानंतर तो मिळाला, परंतु तो पहिल्या दिवसापासून असायला हवा होता.

दुसरी गंभीर उणीव मला भारतीय संदर्भाच्या बाबतीत जाणवली. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी काँग्रेस पक्षाने निवडक मतदारसंघांत कार्यकर्त्यांच्या मतदानातून उमेदवार ठरवण्याचा प्रयोग केला होता आणि महाराष्ट्रातील लातूरचा त्यात समावेश होता. तो प्रयोग पुढे का टिकला नाही, याची चर्चा या वर्गात झाली असती तर शिकलेल्या गोष्टी आपल्या मातीत लावून पाहता आल्या असत्या. २०२२ मध्ये काँग्रेस अध्यक्षपदासाठी खर्गे आणि थरूर यांच्यात झालेल्या निवडणुकीचा ओझरता उल्लेख आला. परंतु पक्षाचा अध्यक्ष निवडणे आणि निवडणुकीचा उमेदवार निवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे स्पष्ट करायला हवे होते. काही विद्यार्थ्यांचा शेवटपर्यंत त्यात घोटाळा होत होता.

ही कसर अंशतः भरून निघाली ती समारोपाच्या मुक्त चर्चेत. सांगलीत उमेदवारीचा विषय निघाला की २०२४ ची लोकसभा टळत नाही. महाविकास आघाडीत ही जागा काँग्रेसऐवजी शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटाकडे गेली, पैलवान चंद्रहार पाटील यांना उमेदवारी मिळाली, वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि सुमारे एक लाखाच्या फरकाने निवडून आले. चर्चेत कोणीतरी याची तुलना १९१२ च्या अमेरिकेशी केली, जेव्हा रिपब्लिकन पक्षाच्या बहुतेक प्रायमऱ्या थिओडोर रूझवेल्ट यांनी जिंकल्या, अधिवेशनाने उमेदवारी अध्यक्ष टाफ्ट यांना दिली, आणि रूझवेल्ट वेगळा पक्ष काढून लढले. तुलना आकर्षक होती. सरांनी तिच्या मर्यादा तेथल्या तेथे दाखवल्या, हे चांगले झाले. रूझवेल्ट यांच्याकडे मतदारांनी मोजून दिलेला कौल होता आणि वाद होता तो अधिवेशनातील प्रतिनिधींच्या जागांचा. सांगलीत कोणत्याच पक्षाच्या सभासदांना कोणी विचारलेच नव्हते, आणि प्रश्न होता तो आघाडीतील जागावाटपाचा. शिवाय रूझवेल्ट यांच्या बंडाने मते फुटून डेमोक्रॅटिक पक्षाचे विल्सन निवडून आले, तर येथे बंड करणाराच निवडून आला.

त्यानंतर बाईंनी जे सांगितले ते या वर्गाचे सार मानावे असे मला वाटते. आपल्याकडे उमेदवारी कायद्याच्या दृष्टीने जन्माला येते ती ए आणि बी या दोन फॉर्मवर. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत ते निवडणूक अधिकाऱ्याच्या हाती पडले की त्या माणसाला पक्षाचे चिन्ह मिळते. तो फॉर्म कोणाला द्यावा, यासाठी पक्षाने सभासदांना विचारलेच पाहिजे अशी कोणतीही सक्ती आपल्या निवडणूक कायद्यात नाही. निरीक्षक येतात, इच्छुकांच्या मुलाखती होतात, सर्वेक्षणे झाल्याचे सांगितले जाते, आणि निर्णय श्रेष्ठींकडे राहतो. तो चांगला असेल किंवा वाईट, परंतु कोणत्या नियमाने झाला हे विचारण्याची सोयच नसते. अमेरिकेच्या पद्धतीत दोष कितीही असोत, तेथे हरलेल्याला कोणत्या नियमाने आपण हरलो हे दाखवता येते आणि पुढच्या वेळी तो नियम बदलण्यासाठी लढता येते. १९६८ नंतर आणि २०१६ नंतर नेमके तेच घडले. ऐन निवडणुकीच्या हंगामात एबी फॉर्मसाठी रात्र-रात्र नेत्यांच्या बंगल्यांसमोर उभे राहिलेले कार्यकर्ते सांगली, मिरज आणि कुपवाडमध्ये आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांच्या अनेक वर्षांच्या कामाचा हिशेब एखाद्या लिखित नियमाने व्हावा, असे मला मनापासून वाटते, आणि या वर्गाने त्या इच्छेला अभ्यासाचा आधार दिला.

हा वर्ग कोणासाठी आहे, याविषयी थोडे. स्पर्धा परीक्षेत गुण मिळवून देणारे संक्षिप्त टिपण हवे असेल तर येथे येऊ नये; तुलनात्मक राज्यव्यवस्था समजून घ्यायची असेल तर मात्र यावे. राजकीय पक्षांत काम करणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांनी विशेषतः यावे, आणि शक्य असेल तर वेगवेगळ्या पक्षांच्या कार्यकर्त्यांनी एकाच तुकडीत यावे, कारण कॉकसच्या त्या संध्याकाळी खरी शिकवण समोरच्या कोपऱ्यातील माणसाला पटवताना मिळते. जत, आटपाडी किंवा शिराळ्याहून येणाऱ्यांनी परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आधी पाहून ठेवावी; वर्ग अनेकदा ठरलेल्या वेळेपेक्षा लांबतो. दुरून येणाऱ्यांना शुल्कात सवलत द्यावी, अशी विनंती मी आयोजकांना केली आहे आणि त्यांनी ती विचारात घेण्याचे मान्य केले आहे.

आणखी एक सूचना त्यांच्यापुढे ठेवली आहे. १९५१ पासून लागू असलेल्या बाविसाव्या घटनादुरुस्तीनुसार कोणालाही दोनपेक्षा अधिक वेळा अध्यक्ष म्हणून निवडून येता येत नाही. त्यामुळे २०२८ मध्ये विद्यमान अध्यक्ष पुन्हा उमेदवार नसतील आणि दोन्ही पक्षांत उमेदवारीची लढत होईल. त्या वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत हा वर्ग पुन्हा घ्यावा, प्रत्येक मोठ्या मतदानानंतरच्या शनिवारी प्रतिनिधींचा तक्ता सभागृहात सर्वांनी मिळून भरावा, आणि पैशाच्या विषयाला त्या वेळी दोन पूर्ण संध्याकाळी द्याव्यात. पुढची तुकडी त्याआधीही सुरू होणार असून नावनोंदणी अभ्यासिकेत प्रत्यक्ष जाऊन, संध्याकाळी सहानंतर करता येते; जागा चाळीसच आहेत.